मोजणीत धरलेला माणूस

शशिकांत टिपणीसांची आणि माझी ओळख झाली, ती त्यांनी बसमधली माझी जागा घेतल्यामुळे.

२००४च्या जूनमध्ये मी पुण्याच्या एका यात्रा कंपनीबरोबर लंडनला गेले होते. टॉवर ऑफ लंडनच्या एका बुरुजात कैद्यांनी भिंतीवर कोरलेली नावं आहेत. ती वहीत उतरवून घेता घेता मला वेळेचं भान राहिलं नाही. बाहेर आले तर आमची बस निघून गेलेली. पर्स बसमध्येच होती. भीती वाटलीच, पण आपण नाही हे कुणाच्या लक्षातही येऊ नये, याचं वाईट त्याहून अधिक वाटलं.

बराच वेळ फाटकाशी उभी होते. मग उन्हाळ्यातही कोट घातलेले एक वयस्कर गृहस्थ अर्धवट धावत माझ्याकडे आले.

"सुप्रभाबाई का तुम्ही?"

"हो. तुम्ही कंपनीचे?"

"नाही हो. मी इथलाच, लंडनच्या हाउन्सलो भागातला. तुमच्या सीटवर बसलो होतो." त्यांना धाप लागली होती. "एक मिनिट बसू या का?"

कठड्यावर बसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. एकाहत्तर साली ते नागपूरहून आले. हीथ्रोवर सामान चढवण्याच्या खात्यात नोकरी केली. पत्नी सुनीती दोन वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा राज एडिनबराला हॉस्पिटलमध्ये नोकरीला आहे. तो रविवारी फोन करतो, पण इंग्रजीत. नात सारा मात्र हटकून मराठीत विचारते, "आजोबा, तू जेवली का?"

"तेवढंच मराठी घरात येतं," ते म्हणाले. "सुनीती होती तेव्हा दिवसभर कटकट चालायची. टीव्ही हळू करा, चपला नीट ठेवा. आता टीव्ही कितीही मोठा ठेवा."

एकदा टॉवरजवळून जाताना त्यांना मराठी बोलणं ऐकू आलं. आपल्याकडच्या यात्रा कंपन्यांच्या बसेस तिथे थांबतात. तेव्हापासून ते पिकॅडिली लाइनच्या भुयारी रेल्वेने अधूनमधून येतात आणि जरा बाजूला उभे राहतात. कुणी चिवड्यात मीठ कमी आहे म्हणतं, कुणी नवऱ्यावर डाफरतं. ते ऐकायचं आणि घरी जायचं.

"बोलत नाही तुम्ही कुणाशी?"

"काय बोलणार? काका, टॉयलेट कुठंय, एवढंच विचारतात लोक. आज मात्र तुमच्या अर्चनाताईंनी हातावर लाडू ठेवला. म्हणाल्या, चला काका, बस सुटतेय, माधव ओरडेल. आणि मी चढलो."

अर्चनाताई आमच्याच टूरमधल्या, आणि माधव आमचा टूर लीडर. त्याने डोकी मोजली, मोजणी बरोबर भरली, बस निघाली.

"मला तेव्हाच कळलं," शशिकांतराव खाली बघत म्हणाले. "एक बॅग जास्त असून आकडा जुळला, तर एक खाली राहिलेली असते. जन्म गेला त्यात. शेजारी तुमची पर्सही दिसत होती."

"मग?"

"मग गप्प बसलो. पुढच्या सीटवर गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. म्हटलं, हे गाणं होऊ दे. मग दुसरंही होऊ दिलं. सेंट पॉल चर्चला थांबल्यावर बोललो. माधव लालबुंद झाला. म्हटलं, तुम्ही पुढे जा, बाईंना मी आणतो. पंधरा नंबरची बस पकडून आलो."

मला राग यायला हवा होता. मी एवढंच म्हटलं, "भेंड्यांत कोण जिंकत होतं?"

"बायका," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

आमची मंडळी वेस्टमिन्स्टरला थांबणार होती. शशिकांतराव मला बोटीने घेऊन निघाले. मी वही उघडली आणि कुठला पूल कोणता, ते विचारू लागले.

"ते सगळं पुस्तकात मिळेल," ते म्हणाले. "तुम्ही बोला ना काहीतरी. आत्ता घरी असता तर काय केलं असतंत?"

मी सांगू लागले. कामवाली न सांगता सुट्टी कशी घेते, वरच्या मजल्यावरचे कुंड्यांना पाणी घालतात आणि ते माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर कसं पडतं. यजमान गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. ते मध्येच "मग तुम्ही काय म्हणालात?" विचारायचे, आणि मी आणखी सांगायचे.

वेस्टमिन्स्टरला अर्चनाताई धावत आल्या. "अहो, जीव गेला आमचा! काका, चला आता आमच्याबरोबर जेवायला."

माधव अवघडला. मग म्हणाला, "या काका. एक जागा आहे मागे."

शशिकांतरावांनी दाराच्या दांड्यावर हात ठेवला. आत कुणीतरी म्हणालं, "हेच ना ते, फुकट बसले होते?" म्हणणाऱ्याला वाटलं हळू बोललो.

"नको," शशिकांतरावांनी हात काढून घेतला. "मला हाउन्सलोला जायचंय. लांब आहे."

"अहो, चढा हो, तुम्ही लक्ष देऊ नका," मी म्हटलं.

"तुम्ही बसा. उशीर होतोय सगळ्यांना."

मी बसले. ते स्टेशनकडे वळले, आणि लगेच गर्दीत दिसेनासे झाले.

"काय काय दाखवलं हो त्यांनी बोटीतून?" अर्चनाताईंनी विचारलं.

मी आठवून पाहिलं. सेंट पॉलचा घुमट कधी मागे गेला ते मला माहीत नव्हतं. एकाही पुलाचं नाव सांगता आलं नाही.