रंग उतरवणारे आप्पा

आप्पा पाण्याचा रंग पांढऱ्या बशीत बघत. माझ्याकडे प्रयोगशाळेत यंत्र होतं, पण आप्पा टाकीतलं थोडं पाणी बशीत ओतून सांगत, "बाई, आजून गुलाबी शे." यंत्रही मग तेच सांगे.

नव्वदच्या दशकात मालेगाव रस्त्यावरच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले. सांडपाण्याच्या टाक्या आप्पांच्या ताब्यात होत्या. माणूस बागलाणातला, सातवी शिकलेला, साठीला टेकलेला. मी तुरटी घालून पाणी भराभर ढवळायला लागले की हसत. "ताक करी ऱ्हायनी का? हळू. गाळले बसाले येळ लागस."

एकदा नवा लाल रंग आला. तो तुरटीला दाद देईना. टाक्या तुडुंब भरल्या. मॅनेजर म्हणाले, "ब्लीचिंग टाका आणि सोडा नाल्यात." टाकलं. तासाभरात पाणी नितळ दिसायला लागलं आणि मी खूश झाले. आप्पांनी मात्र नाल्यातले चार मासे आणून त्या पाण्याच्या बादलीत सोडले. थोड्याच वेळात चारही उलटे झाले.

"रंग गया बाई, पन पानी मरी गयं. खाले नालावर गुरं पितस."

मॅनेजर ओरडत आले. आप्पा नाल्यात पाणी सोडायच्या व्हॉल्व्हपाशी उभे राहिले, हलले नाहीत. "मी काढून टाकीन तुम्हाला!" मॅनेजर म्हणाले. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या नोकरीला सहा महिनेही झाले नव्हते. तरी मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पाणी सोडण्यास अयोग्य', आणि खाली सही केली. टाक्या भरलेल्याच राहिल्या, म्हणून रंगाची मशिनं बंद ठेवावी लागली.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी काचेच्या भांड्यांत नाना प्रयोग केले. शेवटी हिराकस या लोखंडाच्या क्षाराने आणि चुन्याने लाली तुटली. थोडं आम्ल घालून चुन्याचा जहालपणा उतरवला, उरलेली गुलाबी झाक कोळशाच्या थराने धरली. त्या पाण्यात सोडलेले मासे दुसऱ्या दिवशीही पोहत होते. आप्पा बादलीपाशी उकिडवे बसून त्यांना भाकरीचा चुरा टाकत होते.

वर्ष सरायच्या आत 'वय झालं' म्हणून आप्पांना घरी बसवलं. माझ्या सहीचा विषय मात्र कुणी काढला नाही; माझी नोकरी टिकली. जाताना त्यांनी मला घरची बोरं दिली. कुणाबद्दल वाईट बोलले नाहीत.

पुढे मी दुसऱ्या, मोठ्या कारखान्यात सांडपाणी विभागाची प्रमुख झाले. एकदा मुद्दाम त्यांच्या गावी गेले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला होता, त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी उत्साहाने सांगत सुटले: नवी यंत्रं, नितळ पाणी, एक थेंबही रंगीत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेस. आन् गाळ कोठे टाकतस?"

मी त्याच रात्रीच्या गाडीने परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे गेले. निळाजांभळा गाळ उघड्यावर पडला होता, त्यात शेळ्यांच्या खुरांचे ठसे होते. तिथे गाळ ठेवायला पक्क्या फरशीची शेड उभी राहायला वर्ष गेलं. तोवर आप्पा गेले होते.