काकडीचा दहावा

मी आयुष्यात एका काकडीचा दहावा घातलेला आहे. हसा, खुशाल हसा. आता मीही हसते, पण त्या शनिवारी माझी पाचावर धारण बसली होती ते माझं मला ठाऊक.

शाळा लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याची. मी रोज स्कूटीवरून चढ चढून तिथे पोचते आणि सहावीला इतिहास शिकवते. पुस्तकात सगळ्या जगाच्या वाट्याला आलेली पानं इतकी थोडी, की इजिप्त, चीन, मेसोपोटेमिया सगळे एकाच धड्यात दाटीवाटीने बसलेले. मी मोठ्याने वाचायची, मुलं जांभया द्यायची. एकदा वाचता वाचता मलाच जांभई आली. अशी तशी नाही, चांगली जबडा दुखेपर्यंत! पहिल्या बाकावरची मुलगी मायेने म्हणाली, "बाई, तुमी झोपा जरा. आमी गप बसतो."

त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की मधल्या सुट्टीत मी डबा न उघडताच मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांच्या हातात सगळं. म्हटलं, गुरुवारचे आणि शनिवारचे शेवटचे दोन तास मला द्या, मी इतिहास हाताने शिकवते.

"हाताने म्हणजे?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"म्हणजे चिखल, कात्री, डिंक."

"दिवाळीपर्यंत करून बघा," त्या म्हणाल्या. "पण पालकांची एक तक्रार आली, एक, की पुन्हा खडू, फळा आणि प्रश्नोत्तरं." आणि बोट दाखवलं दाराकडे. दाराशी खिळ्याला सुतळीने बांधलेली तक्रारीची वही लटकत होती. मी आत-बाहेर करताना त्या वहीकडे चोरून बघायची. कोरी दिसली की जीव भांड्यात पडायचा.

मग काय धमाल आली म्हणून सांगू! मेसोपोटेमियासाठी खाचरातला चिखल आणला, पाट्या थापल्या, बांबूच्या काडीने त्यावर लिहिलं. तिकडच्या लोकांनी म्हणे धान्याचे हिशेब लिहिले, आमच्या पोरांनी 'आज डब्यात पुन्हा कारलं' असं लिहून पाट्या उन्हात वाळवल्या. जांभई म्हणून कुणाला आठवेना. तासाची घंटा झाली तरी पोरं हलायची नाहीत, मला हाकलावी लागायची.

आणि मग इजिप्त आलं.

ममी करायची ठरली. एका मुलाने शेतातून हातभर लांब, पिवळी पडलेली काकडी आणली. हे आमचे फॅरो, म्हणजे इजिप्तचे राजे. गुरुवारी त्यांचं पोट चिरून बिया काढल्या, आत मीठ आणि खायचा सोडा ठासला. जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि काजळाने डोळे काढले. इजिप्तात याला सत्तर दिवस लागायचे असं मी सांगितलं. "सत्तर दिवस कोन थांबतंय, बाई? काकडी कुजंल," वर्गाने एकमुखाने निकाल दिला. शवपेटी म्हणून चिक्कीचं मोठं रिकामं खोकं आलं. एकीचे वडील लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानात कामाला आहेत, त्यांनी दिलं. ते सोनेरी रंगवलं. मेल्यानंतर राजाला खायला लागतं, म्हणून त्यांनीच दिलेलं शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीटही आत ठेवलं. शिवाय मण्यांची माळ, मातीचे बैल, मातीचाच एक मोबाइल. मुंग्या लागतील म्हणून शवपेटी मोठ्या बाईंच्या लोखंडी कपाटात बंद केली. किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

एक गोष्ट माझी चुकली. मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी आपण राजाला निरोप देऊ. तयारी तुम्ही करा."

मला वाटलं, पुठ्ठ्याचा पिरॅमिड करतील. पोरांनी बोटं मोजली. गुरुवारी पोट चिरलं म्हणजे राजा गुरुवारी गेला. तिथून शनिवार म्हणजे बरोब्बर दहावा दिवस! मग मावळातल्या लेकरांना आणखी काय सुचणार? शनिवारी मी मैदानात येऊन बघते तर विटांचा चौथरा, वर पत्रावळ, पत्रावळीवर भाताचा पिंड, काळे तीळ, दर्भ. पिंडाचा भात खिचडीवाल्या मावशींच्या चुलीवरून घाईघाईने उचललेला. पुढे बसलेला मुलगा टकलू. उवा झाल्या म्हणून त्याच्या आईने आदल्या आठवड्यात त्याचं डोकं साफ केलं होतं, तेव्हा राजाचा थोरला मुलगा तोच व्हायचा हे ओघानेच आलं.

"अरे देवा! अरे, त्यांच्यात असं नसतं," मी ओरडले. "त्यांचा आत्मा परत देहात येतो."

"पर बाई, कावळा शिवल्याबिगर त्यो सुटंल कसा? आन सुटल्याबिगर परत यील कसा?"

मी पत्रावळ उचलायला वाकले, तर शेजारी आणखी मांडामांड दिसली.

गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीतरी पिंडाशेजारी ठेवतात, तेही पोरं विसरली नव्हती. पिरॅमिड बांधणाऱ्यांना भाकरी, कांदा आणि बिअर मिळायची, हे मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. भाकरी होती, कांदा होता. आणि नागफणी सुळक्याच्या वाटेवर पर्यटकांनी फेकलेली एक बिअरची बाटली उचलून, धुऊन, पाणी भरून ठेवली होती. शाळेच्या मैदानात! मी ती ओढणीखाली लपवणार इतक्यात कुणीतरी मोठ्या बाईंनी कपाटातून काढून दिलेली शवपेटी घेऊन धावत आलं. "बाई, बाई! थडगं लुटलं! चिक्की न्हाई!"

मी राजाला बाहेर काढून आत बघितलं. खरंच, पाकिटात नुसता चुरा. पोरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. थडगी बहुधा राखणारेच लुटायचे हे मी शिकवलं होतं, आता त्यांच्या राजाचंही थडगं लुटलं गेलं होतं. आपला राजा एकदम खरा झाला!

आणि नेमके त्याच वेळी फाटकातून आबा आले.

हे आबा म्हणजे वर्गातल्या एका मुलीचे आजोबा आणि शाळेच्या समितीवरचे. गावात कुणाचाही दहावा असो, कावळ्याला हाका मारायला घाटावर हेच उभे. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात राजा.

"बाई, आमच्या घरातनं तीळ न् दर्भ गेलं. नात म्हनती शाळंत दहावा हाय. जित्या लेकरांत ह्यो कसला अभद्र खेळ?" आबांचा आवाज चढला. "आन ही बाटली? तक्रारीची वही कुटं हाय?"

आवाज ऐकून मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी पिंड बघितला, टक्कल बघितलं, बाटली बघितली आणि शेवटी माझ्याकडे बघितलं. संपलं, मी मनात म्हटलं. सोमवारपासून खडू, फळा, जांभया. मला इतका राग आला, पोरांचा नाही, आबांचाही नाही, माझ्याच तोंडाचा. 'तयारी तुम्ही करा' म्हणे!

तेवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला. त्याने मान वाकडी करून पिंडाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. आमच्याकडचे कावळे पॉइंटवरच्या भज्यांवर आणि वेफर्सवर पोसलेले, तिळाच्या भाताला काय विचारतात! पण आबांना ते बघवेना. वहीकडे निघालेला त्यांचा पाय जागच्या जागी थांबला.

"आरं मागं सरका की! अंगावर हुबं ऱ्हायल्यावर त्यो यील व्हय?" ते टकलूवर खेकसले. "दक्षिणेला त्वांड कर. हां. हात जोडा समद्यांनी."

सगळ्यांनी जोडले. मीही जोडले, राजाला पत्रावळीशेजारी ठेवून आणि बाटली काखेत धरून. कावळा ढिम्म.

"ह्याचं कायतरी ऱ्हायलंय," आबा गंभीरपणे म्हणाले. "मानूस कसा व्हता? कळाया नगं?"

आणि काय सांगू, वर्गाला वाचा फुटली. "आबा, राजा हाय त्यो! नाईल नदीकाठचा!" "पूर आला का गाळ बसायचा, आपल्या खाचरावानी, मग लय गहू!" "मेंदू नाकातनं काढायचे, आबा, आकड्यानं!" "काळीज मातूर आत ठिवायचे, तिकडं तराजूत तोलतात ना!" ज्या मुलीने मला झोपायला सांगितलं होतं, ती तर पिरॅमिडचे दगड घसरवताना वाळू ओली का करायची, हे भाताच्या चिखलणीचं उदाहरण देऊन समजावत होती. मी एकदाच, तेही घाईत सांगितलेलं! आबा "व्हय? आसं? मंग?" करत ऐकत होते. मोठ्या बाईही ऐकत होत्या, चष्मा हातात घेऊन.

"मंग राजाला सबूद द्या," आबा म्हणाले.

पोरांनी द्यायला सुरुवात केली. "राजा, तुझा पिरॅमिड आमी पुरा करू." "तुझी लिपी शिकू." "गाळ वाया जाऊ देनार न्हाई." एकाने तर राजाच्या मुलाबाळांना सांभाळायचं कबूल केलं, तेव्हा टकलू मागे वळून म्हणाला, "मला डब्याला भेंडी नगं." कावळ्याने पंख खाजवले, बस्स.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आबा, त्याची चिक्की चोरलीय."

चिक्की कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते सहावीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. पण वर बघायची कुणाची छाती होईना. मीसुद्धा चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभी.

मोठ्या बाईंनी घसा खाकरला. त्या पुढे आल्या, चपला काढल्या, पदर सावरला आणि पिंडासमोर हात जोडले. तोंड लालबुंद.

"राजा," त्या म्हणाल्या, "चिक्की मी खाल्ली. मंगळवारी उपाशीपोटी कागद शोधत होते, समोर दिसली. आधी एकच वडी घेतली होती. चुकलं माझं. नवी आणते, आणि..." त्या थांबल्या. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पोरांकडे. "आणि तुझे तास मी बंद करणार नाही."

कावळा खाली उतरला. दोन उड्या मारल्या, पिंडात चोच घातली, भात तोंडात घेतला आणि फेकून दिला. पण शिवला! बाईंच्या कबुलीला शिवला की आम्ही सगळे जरा मागे सरकलो म्हणून शिवला, त्याचं त्याला माहीत. पोरांनी असा काही गलका केला की कावळा नागफणीपर्यंत उडाला असेल. टकलूने राजाला उचलून नाचवलं, आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मी बाटली खाली ठेवून रडले, अगदी नाक ओढत, पोरांसमोर.

राजाला चिंचेखाली पुरलं, आणि मला वाटलं आता सुटले. पण आबा हात झटकत थेट कार्यालयाच्या दाराशी गेले. "वहीत लिवायला आल्तो, तर लिवूनच जातो," म्हणत त्यांनी पेन मागितलं आणि एकेक अक्षर कोरत लिहायला बसले. मोठ्या बाईंनी राजाला शब्द दिला खरा, पण अट ती अट होती. एक तक्रार, बस्स.

आबा गेल्यावर मोठ्या बाईंनी वही ओढली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं:

'पिंडाचा भात कच्चा होता. पुढच्या राजाला नीट शिजवावा.'

मोठ्या बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'तक्रार स्वयंपाकाची आहे, इतिहासाची नाही.' सही केली, शिक्का मारला, वही खिळ्याला अडकवली, आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.