कागदावर नसलेली मंडळी

काही प्रकरणांची फाईल बंद होते, पण ती मनातून जात नाहीत. बडोद्याला फतेगंज भागात मी फौजदार होतो, तेव्हाचे हे प्रकरण तसेच आहे. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका चर्चच्या कपाटातून कागद गेले होते आणि संशय होता त्याच चर्चच्या पाळकावर.

नव्वदचे दशक निम्मे सरले होते. जुने बंगले पाडून तिथे दुकाने आणि फ्लॅट उभे राहत होते. जमिनीच्या भांडणाचा एखादा अर्ज आला नाही असा दिवस जात नसे. एका सकाळी पांढऱ्या गाडीतून एक गृहस्थ वकिलासह ठाण्यात आले. परदेशात मुख्यालय असलेल्या एका ख्रिस्ती पंथाचे ते विभागीय अध्यक्ष होते आणि त्यांचे कार्यालय दुसऱ्या शहरात होते. त्यांची फिर्याद सरळ होती. इथल्या पाळकाची बदली होऊन महिना झाला, तरी तो जागा सोडत नाही. कपाटातून जमिनीचे मूळ दस्त आणि सभासदांचे रजिस्टर नाहीसे झाले आहे. किल्ली त्याच्याचकडे असते.

मी गुन्हा नोंदवला आणि दोन पंच घेऊन चर्चमागच्या पाळकाच्या घराची झडती घेतली. काही मिळाले नाही. पाळक नगरकडचा मराठी माणूस, पन्नाशीचा. झडती चालू असताना त्याच्या बायकोने सगळ्यांना चहा दिला, पंचांनाही.

"किल्ली माझ्याकडे होती. कागद मीच काढले," तो म्हणाला. "कुठे ठेवलेत ते सांगणार नाही."

दोन दिवस मी त्याला दहा वाजता बोलावून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवले. चोर माणूस न विचारलेले खुलासे फार करतो. हा नेमकेच बोलायचा. हेड कॉन्स्टेबल म्हणाला, "साहेब, जरा आवाज चढवू का?" मी नको म्हटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वैतागून विचारले, "अहो, चर्च तुमच्या मालकीचं आहे का? की तिथे प्रार्थनेला येणाऱ्यांच्या?"

त्याने माझ्यापुढचा कोरा कागद ओढून घेतला आणि शिडी काढावी तशा रेघा मारल्या. "सगळ्यात वर मुख्यालय. तिथली परिषद धोरण ठरवते. त्याखाली देशाचं मंडळ, मग विभाग, आणि सगळ्यात खाली आमची मंडळी. नंदेसरीच्या कारखान्यांतले कामगार, नर्स, शिक्षक. ते मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला म्हणून देतात. तो वर जातो. माझा पगार वरून येतो, बदली वरून होते. जमीन ट्रस्टच्या नावावर, आणि ट्रस्टी वरूनच नेमतात."

"मग खालचे लोक काय ठरवतात?"

"नाताळात गाणी कुठली म्हणायची ते."

तो हसला नाही. मीही हसलो नाही.

तिसऱ्या दिवशी ठाण्यावर फोन आला. नाव न सांगता एका माणसाने गुजरातीत सांगितले की निझामपुऱ्यातल्या नर्सबेनच्या पलंगाखालची लोखंडी पेटी बघा. फोन करणारा त्याच मंडळीतला होता आणि चर्चच्या जागी होणाऱ्या नव्या इमारतीत त्याला दुकानाचा गाळा कबूल झाला होता, हे मला पुढे समजले.

पंच आणि महिला कॉन्स्टेबल घेऊन आम्ही गेलो. नर्सबेन सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली, सत्तरीच्या पुढची विधवा. एकटीच राहायची. तिने काही लपवले नाही. पेटी स्वतःच ओढून उघडली. आत दस्त होते, रजिस्टर होते आणि एक पातळ फाईल होती.

फाईलमध्ये विभागाने मुख्यालयाला पाठवलेल्या तीन वर्षांच्या अहवालांच्या नकला होत्या. प्रत्येकात या चर्चपुढे एकच मजकूर होता: सभासद शून्य, उपासना बंद, इमारत धोकादायक, विक्रीची शिफारस. खाली सही फिर्याद देणाऱ्या त्याच अध्यक्षांची. आणि रजिस्टरमध्ये पानेच्या पाने नावे, बाप्तिस्मे, लग्ने, त्याच महिन्यातल्या उपस्थितीच्या नोंदी.

नर्सबेनने चष्मा सावरला आणि अहवालावर बोट ठेवले. "साहेब, हुं जीवती छुं के नहीं?" मी जिवंत आहे की नाही, असे ती विचारत होती. मग सावकाश, मला नीट कळावे म्हणून हिंदीत म्हणाली, "इस कागज पर तो मैं हूँ ही नहीं. जो है ही नहीं, उसको पकडोगे कैसे?"

मी फाईलमधले पुढचे पान उलटले. ती पाळकाने मुख्यालयाला पाठवलेल्या पत्राची नक्कल होती. अशी तीन पत्रे. सोबतच्या पोचेप्रमाणे तिन्ही 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा मारून वरून खाली आली होती, त्याच विभागीय अध्यक्षांकडे. तिसऱ्यानंतर बदलीचा हुकूम निघाला होता.

शेवटचे पान म्हणजे पाळकाने आमच्या ठाण्याला दिलेला अर्ज होता. चर्च खोट्या कागदांवर विकले जात आहे, चौकशी व्हावी, अशी विनंती. त्यावर पोच म्हणून ठाण्याचा शिक्का होता. शिक्क्याखाली शेरा होता, 'दिवाणी स्वरूपाचे, दप्तरी दाखल'. सही माझी होती.

अर्ज वाचल्याचे मला आठवत नव्हते. वाचलाच नसेल. दिवसाला असे कितीतरी अर्ज मी निकालात काढत असे.

पंचनाम्यात मी प्रत्येक कागद नोंदवला, तो अर्जही. ठाण्यात परतल्यावर अध्यक्षांना बोलावून अहवाल समोर ठेवला. "हे खोटं तुम्ही लिहिलंत?"

ते शांतपणे म्हणाले, "तो आमच्या संस्थेचा अंतर्गत विषय आहे, साहेब. तुमच्याकडे फिर्याद कागद पळवल्याची आहे. कागद मिळाले. आभारी आहे."

मी वरिष्ठांकडे गेलो. फसवणुकीचा वेगळा गुन्हा नोंदवायची परवानगी मागितली. ते म्हणाले, "फसवणूक कोणाची झाली? मुख्यालयाची. त्यांची तक्रार आहे?" मी पाळकाची पत्रे दाखवली. "मग त्यांना कळलेलं आहे. आणि ते गप्प आहेत. तू तुझं दोषारोपपत्र पाठव."

मी ते पाठवले. नर्सबेनला आरोपी न करता साक्षीदार केले, एवढेच माझ्या हातून झाले. कोर्टाने कागद कायदेशीर ताबेदाराच्या, म्हणजे अध्यक्षांच्या हवाली केले. पुढच्या वर्षी चर्च पाडले गेले. मंडळी एका शाळेच्या वर्गात जमू लागली, मग नर्सबेनच्या घरी, मग तिच्या जाण्यानंतर कुठेच नाही.

दरम्यान मुख्यालयाचे पत्र आले. जाड कागद, वर सोनेरी चिन्ह. संस्थेची मालमत्ता परत मिळवून दिल्याबद्दल आभार. पाळकाच्या तिन्ही पत्रांना उत्तर न देणाऱ्यांना माझा पत्ता बरोबर सापडला होता. वरिष्ठांनी माझ्या सेवापुस्तकात शाबासकीची नोंद केली. ती खोडून टाका असा अर्ज करावा असे मनात आले, पण केला नाही. बढती जवळ आली होती.

पाळक काही वर्षांनी निर्दोष सुटला. चोरीचा हेतू सिद्ध होत नाही, असे कोर्ट म्हणाले. पण पंथाने त्याला आधीच काढून टाकले होते. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात मी त्याच्याजवळ गेलो. माफी मागायची होती, पण वर्दीत ती शब्दांत येत नव्हती. मी एवढेच म्हणालो, "तुमचा तो पहिला अर्ज... मी वाचायला हवा होता."

"मला माहीत होतं सही तुमची आहे," तो म्हणाला. "झडतीला आलात तेव्हाच खिशावरचं नाव वाचलं होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"अर्जदार होतो तेव्हा माझं कोणी ऐकलं नाही, साहेब. आरोपी झालो आणि तुम्ही दोन दिवस समोर बसवून ऐकलंत. म्हटलं, हे तरी चालू राहू दे."

बायकोचा हात धरून तो पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत प्रत्येक अर्ज मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. लोक मला त्यासाठी चांगला अधिकारी म्हणत. पण ज्या खुर्चीविरुद्ध तक्रार आहे, त्याच खुर्चीकडे तक्रार पाठवण्याची पद्धत फक्त त्या पंथात नव्हती. आमच्या खात्यातही माझ्या डोळ्यांदेखत ती रोज चालू राहिली. ती मोडण्याइतका चांगला मी कधीच नव्हतो.