पेपरावरचे खडे

आता मी परभणीच्या शाळेत शिकवते. राज्याच्या चाचणीचे पेपर आले, की मला सोनपेठकडच्या शाळेतले आमचे हेडमास्तर आठवतात आणि हात उगाच खडे शोधतो.

चाचणी म्हटलं की सर चिडायचे. "बरं का बाई, आता गुण भरून होईपर्यंत शिकवणं बंद. रोप रोज उपटून मुळं बघितल्यावर ते जगंल का?" त्यांचं बोलणं असं 'बरं का बाई'नंच सुरू व्हायचं, आणि बोलताना ते खिशातल्या रुमालाची घडी मोडून पुन्हा घालायचे.

पण पेपर वाटायला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. निम्मी मुलं तेव्हा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असायची. सर त्यांच्याही जागेवर पेपर ठेवायचे आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर गोदावरीतला एकेक खडा. संध्याकाळी ते पेपर कपाटात जायचे. गुढीपाडव्याच्या सुमारास मुलं परतली, की सर त्यांना त्याच जागी बसवून तोच पेपर सोडवायला लावायचे.

एकदा सर ते पेपर लाल पेनानं तपासत होते. मी विचारलं, "सर, मुदत तर कधीच संपली. हे गुण भरायचे कुठं?"

"कुठंच न्हाई." त्यांनी रुमालाची घडी मोडली. "बरं का बाई, ही चाचणी मला बी आवडत न्हाई. पण सगळ्या राज्याला इचारलं अन् ह्यांनाच न्हाई इचारलं, असं कसं चालंल?"