सांबार सुकायच्या आत

अनसिंगच्या बाजारात मी जिच्याकडून भाजी घेतो, तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलता बोलता ती जुड्यांवर पाणी शिंपडत असते; तो हात कधी थांबत नाही. त्या सकाळी मात्र थांबला.

"भाऊ, मुंबईहून लंडन किती दूर हाय? माही पोरगी नर्स झाली, आज इमानात बसली."

मी मोबाइलमध्ये पाहिलं. "सात हजार किलोमीटरच्या वर. नऊ-दहा तास."

आकडे तिच्या कामाचे नव्हते. तिनं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक जुडी ओल्या गोणपाटाखाली ठेवली. "हे सुकाच्या आत पोरगी पोचली पाहिजे." गिऱ्हाइकांनी मागूनही ती जुडी तिनं दिली नाही.

संध्याकाळी मी पुन्हा तिथं होतो, तेव्हा तिचा फोन वाजला. ऐकता ऐकता तिनं गोणपाट भिरकावलं आणि हिरवीगार जुडी डोक्यावर उंच धरली.

"पोचली! पहा, सांबार बी सुकला नाई!"

भाजीवाल्यांची अख्खी ओळ टाळ्या पिटू लागली. मी उगाच शहाणपणा केला, "पण आता पोरगी लई दूर गेली."

"कायले दूर?" ती गरजली. "जे ताजं पोचते थे जवळच असते!"