बहिणीकडचे पतंग

फौजदारबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ओळखीपाळखीत दुसरं कुणाला आठवत नाही. पाव घेतला तरी उलटा करून बघणार, मगच पिशवीत टाकणार. नवरा शिंकला तरी, "कुठे भिजून आलात?" अशा स्वभावाच्या बाईने फुलांची शेती करावी हे बाकी शोभलं. कार्नेशनची दोन पानं चिकटलेली दिसली की ती नखाने उकलून आत अळी शोधायची. ही अळी, फुलझाड असो की फळझाड, धाग्याने पानं शिवते, आत बसून कळी पोखरते आणि मग नखाएवढा तपकिरी पतंग होऊन उडून जाते.

यंदा पतंग थेट स्वयंपाकघरात शिरले. रोज संध्याकाळी खिडकीवर, दारावर, दारामागे टांगलेल्या तिच्या ॲप्रनवर. पतंग धरायला तिने रोपांत सापळाही टांगला होता, पण रोपांत अळी सापडेना. मग हे आले कुठून? भिंतीपलीकडे धाकट्या बहिणीचं ग्रीनहाऊस होतं. झालं! फौजदारबाईंना गुन्हेगार सापडला.

"तुझ्याकडे अळी पडलीये आणि तू लपवतेयस," तिने भिंतीवरूनच सुनावलं.

"शप्पथ नाही गं ताई. येऊन बघ ना."

"साफसूफ करून ठेवशील, मग बोलावशील. मी काय ओळखत नाही तुला?"

धाकटी आत निघून गेली. फौजदारबाईंना त्या आत जाण्याचाही संशय आला. "अगं, सख्खी बहीण आहे तुझी," नवरा म्हणाला, तर त्यालाही फितूर ठरवून ती मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी अंधारून येताना ती अंगावरच्या ॲप्रननिशी, न सांगता बहिणीच्या दारात हजर. दारातच पतंग भिरभिरू लागले.

"हे बघ! आणि म्हणे नाहीत!"

"ताई, ते तुझ्या ॲप्रनवर बसतायत," बहीण म्हणाली. "सापळ्यातली मादीच्या वासाची गोळी बदललीस, तेव्हा हात कुठे पुसलेस?"

फौजदारबाईंनी खाली पाहिलं. हात पुसायच्या नेमक्या जागी पतंग फडफडत होते. सगळे नर, वासाला भुलून कुठल्या कुठल्या फळबागांतून आलेले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकले नव्हते. "चल, तुझी फुलं तरी दाखव."

बहीण दारातून बाजूला झाली. आत वाफे उघडे पडले होते. कळ्यांनी लगडलेली रोपं मुळांसकट कोपऱ्यात ढिगाने पडली होती.

"तू बघायला येत नव्हतीस ना," बहीण म्हणाली. "तुझा संशय तरी फिटावा म्हणून सकाळीच सगळी उपटली."