सावित्रीवरची डीजे-बोट

"मॅडम, परत चालू झालंय. ऐका तुम्हीच."

सविताताईंनी फोन खिडकीबाहेर धरला. गाणं कोणतं ते कळत नव्हतं, नुसते ठोके. दुपारचे बारा वाजले होते. दासगावच्या खालच्या अंगाला, सावित्रीच्या धक्क्यावरून दिलीपशेठची पार्टी बोट सुटली होती.

मी बंदर निरीक्षक. प्रवासी बोटी सुरक्षित आहेत का, कागदपत्रं नीट आहेत का, हे बघणं माझं काम. सविताताई दोन महिने फोन करत होत्या.

भरदुपारी बोट वाजली तर काय बिघडलं, असं कुणालाही वाटेल. पण धक्क्यामागच्या आळीतली निम्मी घरं महाडच्या एमआयडीसीत कामाला. सविताताईंचे मिस्टर प्रकाश केमिकल कंपनीत बॉयलरवर, नाइट शिफ्टला. त्यांची झोप दुपारची. त्यात बोट भरतीलाच सुटते, ओहोटीला गाळात रुतते. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. त्यामुळे झोपेची वेळ ठरवायचीही सोय नाही.

"काल बिरवाडीच्या अलीकडं गाडीवर डुलकी लागली त्यांना," त्या म्हणाल्या. "गाडी रस्त्याखाली गेली. गुडघा फुटला. उद्या बॉयलरपाशी डोळा लागला म्हंजे?"

पोलिसांना पत्र दिलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, बोट पाण्यात. पाणी तुमचं." मग प्रदूषणवाल्यांना लिहिलं. आवाज मोजायचं मशीन यायला तीन आठवडे लागले. ते आलं त्या दिवशी बोट धक्क्याला बांधलेली आणि दिलीपशेठ फडका घेऊन काचा पुसत होता. मशीनने बगळ्यांचा आवाज मोजला. रिपोर्ट आला: मर्यादेत.

दिलीपशेठ गावचाच. मुंबईत केटरिंग करून परत आलेला.

"रात्री दस के बाद नाय वाजवत मी," तो मला म्हणाला. "दिवसाचा धंदा हाय. लोक दुपारी झोपतात त्याला मी काय करू?"

शेवटी आमच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, आवाज आपला विषय नाही. आपला विषय बोट. बोट बघितलीत?"

मला रागच आला. चार महिन्यांपूर्वी मीच तर तपासली होती. तरी फोन ठेवून फाइल काढली. बोटीच्या मंजूर ड्रॉइंगवर छताच्या जागी लिहिलं होतं: फक्त सावलीसाठी. माणसं नाहीत, सामान नाही. तपासणीच्या दिवशी छत रिकामंच होतं. आता तिथे काय होतं, ते मी फक्त लांबून ऐकत होते.

रविवारी धक्क्यावर गेले. दिलीपशेठने हसून बोटीवर घेतलं. "या मॅडम. कुठलं गाणं लावू?"

बोट सुटल्यावर शिडीने वर गेले. छतावर छातीएवढे चार स्पीकर, जनरेटर आणि नाचणारी वीस-पंचवीस माणसं. आमच्या भाषेत स्टॅबिलिटी म्हणजे कलल्यावर परत सरळ होण्याची बोटीची ताकद. वजन जितकं वर, तितकी ती कमी. भरलेली कळशी डोक्यावर घेऊन बाजूला वाकून बघा, लगेच कळेल.

मी दिलीपशेठला म्हटलं, "बोट मागे घ्या, आत्ता." तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मगर!"

सावित्रीकाठी मगरी उन्हाला पडलेल्या असतात, गावातलं कुणी मान वळवून बघत नाही. पाहुणे मात्र मोबाइल काढून सगळे डाव्या कठड्याला धावले. बोट कलली. आणि कललेलीच राहिली. एका स्पीकरचा पट्टा तुटला, तो घसरत कठड्यावर आदळला. खाली पाणी खिडकीच्या चौकटीला लागलं. मांडीवर मूल घेतलेली एक बाई किंचाळली.

"निम्मे इकडे या! धावू नका, बसा खाली!" मी घसा फाडून ओरडत होते. कुणाला ऐकूच जाईना. गाणं चालूच होतं. मी जनरेटरशी झटापट करून तो बंद केला, तेव्हा कुठे निम्मी माणसं इकडे सरकून बसली. बोट हळूहळू सरळ झाली.

उतरल्यावर तिथेच बसून बोट थांबवण्याचा आदेश लिहिला.

"गाण्यासाठी बोट बंद करता?" दिलीपशेठचा चेहरा पांढराफटक होता, पण तोंड चालूच.

"गाण्यासाठी नाही. वजनासाठी."

"मी वरती फोन लावतो."

"लावा. आधी इथे सही करा."

त्याने खरंच लावला. अर्ध्या तासात साहेबांचा मला फोन. "लेखी दिलंत?"

"फोटोसकट."

"मग कुणाचे फोन येतील ते मी बघतो."

बोट दीड महिना बांधून होती. पुन्हा सुटली तेव्हा छतावर काही नव्हतं आणि वर जायच्या शिडीला कुलूप. खाली एक लहानसा स्पीकर, तो आळीपर्यंत पोचत नाही. पहिल्या फेरीच्या दुपारी सविताताईंचा फोन आला. त्या इतक्या हळू बोलत होत्या, की मला वाटलं काहीतरी वाईट झालंय.

"नाय ओ मॅडम," त्या कुजबुजल्या. "हे झोपलेत."

आवाजाबद्दल आजवर कुणावरही कारवाई झालेली नाही. ती तक्रार तीन कार्यालयांत 'कार्यवाही सुरू' या शेऱ्यासह पडून आहे. नोकरीत एवढं शिकले: हवा तो नियम कुणी लावून देत नसेल, तर आपल्या हातातला नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. तो मी दोन महिने आधी वाचायला हवा होता.